तबलीचं लाकूड

१५ जानेवारी १९८९, रविवार. डोंबिवली

ही डायरी कारखान्याची. दिवाळीत गेटला कुलूप लागलं, पण नव्या सालच्या डायऱ्या आधीच छापून आलेल्या. त्या वॉचमनने गेटवर ज्याला त्याला वाटल्या. बंद पडलेल्या कारखान्याचं नाव सोनेरी अक्षरात. मी आयुष्यात कधी डायरी लिहिली नाही, पण कागद चांगला आहे, टाकवत नाही. आणि मालन घरात नाही, तर बोलायचं तरी कोणाशी.

मालन नाशिकला गेलीये, मंजुळाच्या बाळंतपणाला. एकुलती एक मुलगी, पहिलं बाळंतपण, म्हणजे तिने इथे माहेरी यायचं. पण मालन म्हणाली, इथे पाणी नाही, खोली एक, त्यात तुम्ही दिवसभर घरात. मी घरात आहे म्हणजे काय, बाळंतिणीच्या खाटेवर बसणार होतो? पण एकदा ठरवलं की मालन ऐकत नाही. ट्रंक भरून गेली. महिनाभरासाठी एवढ्या साड्या कशाला, मी विचारलंदेखील.

काल संक्रांत झाली. शेजारच्या रंगूबाईंनी दारातूनच तिळाचे लाडू हातावर ठेवले.

आज गोधडी काढायला माळ्यावर चढलो तर माझ्या हत्यारांच्या पेटीखाली आनंदची मँडोलिन निघाली. आनंद म्हणजे मालनचा थोरला भाऊ, माझ्याबरोबर कारखान्याच्या पॅटर्न शॉपला होता. वारला त्याला बरीच वर्षं झाली. मँडोलिनच्या पोटावर जी पातळ फळी असते, तिला वाजवणारे तबली म्हणतात, ती पार आत बसलीये. मधोमध चीर. पेटी मी दिवाळीनंतर वर टाकलेली. जड आहे, चढवताना रंगूबाईंच्या जगनला हाक मारावी लागली, पण पेटीने असं होणार नाही. लाकूडच जुनं झालं असणार.

नवल एकाच गोष्टीचं. तारा अजून चकचकीत, गंजाचा ठिपका नाही. आनंद सांगायचा ही इटलीची आहे. विलायती मालाची बातच वेगळी.

ठरवलंय, मालन यायच्या आत हिला नवी तबली बसवायची. आली की तिच्या हातात ठेवीन. दिवाळीपासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. कारखाना गेल्याचं तिला लागलं असेल. भावाची वस्तू पुन्हा उभी राहिलेली बघून तिला घरात बरं वाटेल.

२० जानेवारी

मी पॅटर्नमेकर. लोकांना हा धंदा समजावून सांगावा लागतो. लोखंडाचा कुठलाही भाग ओतायचा तर आधी तसाच्या तसा लाकडात बनवायचा, तो वाळूत दाबायचा आणि त्या पोकळीत लोखंड ओतायचं. वागळे इस्टेटमध्ये पंचवीस वर्षं मी हेच केलं. साग, शिसव, पाइन, सगळी लाकडं या हातांखालून गेली. रंधा पहिल्यांदा फिरला की वासावरून नाव सांगायचो.

आणि ह्या तबलीचं नाव मला सांगता येईना.

पॉलिश खरवडून बघितलं. पिवळट पांढरं लाकूड, वजनाला काही नाही. रेघा सरळ आणि इतक्या बारीक की चष्मा लावूनही मोजता येत नाहीत. वास नाही. नख लावलं तर उमटतं, पण वाजवून बघितलं तर तुकडासुद्धा टणत्कार देतो. साग असता तर काम सोपं होतं. पॅटर्नचं लाकूड बदललं तरी ओतीव भाग तोच निघतो. इथे लाकूड म्हणजेच आवाज. दुसरं काही बसवलं तर मालन एका तारेत ओळखेल की हे दादाचं नव्हे. मग केलं काय आणि न केलं काय.

तेव्हा आधी लाकूड ओळखायचं. मगच रंधा.

२९ जानेवारी, रविवार

नातू झाला. काल संध्याकाळी. स्टेशनजवळच्या एसटीडी बूथवरून फोन केला, जावयाच्या घरमालकाकडे. मालन दोन जिने उतरून येते म्हणून धापा टाकत बोलते. मी विचारलं, कधी येतेस? ती म्हणाली, अहो, बाळ अजून एक दिवसाचं नाही. ते खरंच आहे म्हणा.

एकटाच होतो म्हणून पोहे केले, खारट झाले. मालनला बघायला गेलो तेव्हा तिने केलेलेही खारटच होते. तीच आमची पहिली भेट. सगळे बैठकीत मुकाट खात होते, मी म्हटलं, मीठ जास्त झालंय. अजून चिडवतो मी तिला त्यावरून. पूर्वी हसायची.

कल्याणच्या वखारीत जाऊन आलो. वखारवाल्याने तुकडा हातात घेतला, चावला, थुंकला आणि म्हणाला देवदार. हिमाचलकडून आलेली एक फळी होती त्याच्याकडे, ती आणली. चावून लाकूड ओळखणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला, पण बोलला एवढ्या ठामपणे की वाटलं याला माहीत असेल.

९ फेब्रुवारी

आज बारसं होतं. नाव काय ठेवलं ते रविवारी कळेल. मला बोलावलं होतं, पण तबली परवाच सरस लावून दाबून ठेवलेली. सरस धरत असताना सोडून जाता येत नाही, हे मंजुळाला लहानपणापासून माहीत आहे. मालनला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "बरं." समजूतदार आहे ती.

१२ फेब्रुवारी, रविवार

सगळं वाया गेलं. लिहायला लाज वाटते पण इथे कोण वाचतंय.

एक तर तबली मोठी झाली. चहूबाजूंनी नखभर बाहेर. तीनदा मापलं होतं. मग हातातल्या पट्टीकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. आम्हा पॅटर्नवाल्यांची पट्टी मुळात खोटी असते. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून आमच्या पट्टीवरचा इंच खऱ्या इंचापेक्षा जरासा मोठा आखलेला. आकसणार हे धरूनच आम्ही मापतो. मँडोलिन कुठे आकसणार होती? माप जुन्या तबलीवरून त्याच पट्टीने घेतलं असतं तरी निभावलं असतं, पण आकडे घेतले मालनच्या शिवणाच्या टेपने आणि आखलं माझ्या पट्टीने.

कडा घासून बसवली तरी तारा ओढल्यावर आवाज निघाला तो पाटावर मूठ मारल्यासारखा. शिवाय देवदाराला वास येतो, तेलकट, देवळासारखा. जुन्या तुकड्याला वास नाही हे मला पहिल्या दिवशी दिसलं होतं. वखारवाल्याचं ऐकलं, स्वतःच्या नाकाचं ऐकलं नाही.

बाळाचं नाव सुहास ठेवलंय.

१९ फेब्रुवारी, रविवार

मालनला शिलाई मशीन हवंय नाशिकला. बाळाची झबली, दुपटी शिवायची आहेत म्हणे, आणि खालच्या मजल्यावरच्या बायकांचे ब्लाउज. मी म्हटलं, आता येणारच आहेस तर कशाला उगीच नेआण. ती म्हणाली, पाठवता येईल का तेवढं सांगा. जावयाच्या ओळखीचा टेम्पो बुधवारी कल्याणहून सुटतो.

खोकं मीच बनवलं. उरलेला देवदार होताच. कोपरे खाचा घेऊन जोडले, आत पेंढा भरला. नाशिकपर्यंत काय, परदेशात गेलं तरी मशीनला ओरखडा उठणार नाही.

२२ फेब्रुवारी

मशीन गेलं. त्याची जागा खिडकीखाली रिकामी दिसते. तिथे आता मी कामाचं फळकुट टाकलंय. उजेड चांगला आहे तिथे, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

खोकं उतरवताना रंगूबाई जिन्यात उभ्या होत्या. त्या इथल्याच जुन्या गावातल्या, बोलणं अजून तसंच. म्हणाल्या, "मशीन पन चाललं? दुपारचा तुमचे घरान कवरा गोर वाजाचा, त्यो पन दिवालीपासून बंदच हाय."

मी म्हटलं, गोड वाजायचा तो रेडिओ असेल. त्या म्हणाल्या, "रेडू कशाला, वयनी वाजवाची."

रंगूबाईंना रेडिओ आणि माणूस यातला फरक कळत नाही. मालन दुपारी रेडिओ लावत असणार. मी पहिल्या पाळीला असताना लावला तर माझी काही हरकत नाही. मी घरी असलो की मात्र मला आवाज चालत नाही. दिवसभर करवती ऐकल्यावर माणसाला घरात शांतता हवी की नको? मालनला ते ठाऊक आहे. मी आलो की ती सगळं बंद करून ठेवायची, सांगावं लागायचं नाही.

आता शांतता भरपूर आहे. दुपारी तर नळाचं ठिबकणं ऐकू येतं.

३ मार्च

मंजुळा फोनवर म्हणाली, बाबा, दामले बाईंकडे जा. त्या तिला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या, आता निवृत्त झाल्यात, ठाण्याला नौपाड्यात राहतात. कॉलेजातली बाई मला लाकूड काय शिकवणार, असं मनात आलं होतं. पण आता वखारवाल्यापेक्षा वाईट काय होणार, म्हणून आज गेलो.

बारीकशा बाई, घरात एकट्याच. तीन खुर्च्यांवर पुस्तकं, चौथीवर मला बसवलं. तुकडा बघून चावला नाही. भिंगातून बघितला, मग त्याचं एक कुसळ पाण्यात उकळलं आणि दाढीच्या ब्लेडने त्याचा असा पापुद्रा काढला की मला माझ्या रंध्याची शरम वाटली. तो काचेवर ठेवून मायक्रोस्कोपखाली सरकवला.

"बघा. ह्या पेशींच्या रांगा. आणि मधेच विखुरलेली बारीक भोकं दिसतायत? त्यातून राळ वाहते. देवदारात अशी नसतात. हे स्प्रूस आहे."

"मराठीत काय म्हणतात?"

"काही नाही म्हणत. आपल्याकडे उगवतच नाही ते, नाव कोण ठेवणार? हिमालयात त्याची एक जात आहे, युरोपात एक, अमेरिकेत कितीतरी."

"मग यातली कुठली? इटलीची म्हणत होते."

"ते मला सांगता येणार नाही, दौलतराव."

"एवढा मायक्रोस्कोप असून?"

त्या हसल्या. "ही सगळी सख्खी भावंडं. पान दाखवा, फळ दाखवा, लगेच सांगते. नुसत्या फळीवरून घराणं सांगता येतं, गाव नाही सांगता येत. लोक रंगावरून सांगतात, रेघांवरून सांगतात, पण ते अंदाज. गाव हवं असेल तर ज्याने फळी आणली त्याला विचारा."

"तो वारला."

"त्याच्या घरी कोणाला माहीत असेल."

"घरी कोणी नाही आता," मी म्हटलं. आनंदने लग्न केलं नव्हतं.

चहा घेताना त्यांनी विचारलं, दुरुस्त झाल्यावर वाजवणार कोण. मी म्हटलं, मालनला द्यायची आहे, माझ्या बायकोला. त्या वाजवतात? छे, तिला कुठलं येतंय. कपाटावर ठेवेल, भावाची आठवण म्हणून. मी बरोबर नेलेली मँडोलिन बाईंनी मांडीवर घेतली, दांडीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "तारा दाबायच्या पट्ट्या फार झिजल्यात हो. अगदी अलीकडे झिजल्यासारख्या चकाकतायत."

झाडाच्या बाहेरचं बाईंना काही कळत नाही. पण मला बोलणं आवडलं त्यांचं. निघताना म्हणाल्या, पुन्हा या, काही सापडलं तर दाखवा. कोणीतरी पुन्हा या म्हटल्याला किती दिवस झाले.

१४ मार्च

आंबिवलीच्या एका छोट्या फाउंड्रीचं काम मिळालं, पंपाच्या झाकणाचा पॅटर्न. केलं. हात चालले की बरं वाटतं. संध्याकाळी घरी आलो आणि कुलूप काढताना सवयीने म्हणालो, "चहा टाक गं." मग आत जाऊन स्वतःच टाकला.

स्प्रूस कुठे मिळेल याची चौकशी करतोय. एकाने सांगितलं सफरचंदाच्या पेट्या बघा. मंडईतून दोन आणून फोडल्या. एक बाईंना दाखवली तर ती भलत्याच झाडाची निघाली. दुसरीत स्प्रूसच होतं, हिमालयातलं असणार म्हणाल्या, पण गाठीच गाठी, तबलीएवढी फळी निघेना. तासभर बसलो. बाईंनी थालीपीठ केलं होतं, बहुतेक मी येणार म्हणूनच.

२६ मार्च, रविवार

सापडलं. आज शांतपणे सगळं लिहून काढतो.

फोनवर बाळाचं झालं, हवेचं झालं. बूथवाला माझ्याकडे बघत होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "आनंदच्या मँडोलिनचं वरचं लाकूड कुठलं गं? तो इटलीची म्हणायचा ना."

मालन हसली. किती दिवसांनी हसली. "इटलीची कसली? जुन्या बाजारातून फुटकी आणलेली दादाने. वरची फळी त्याने नवी बसवली. ती तुम्हीच तर आणून दिलीत."

"मी?"

"अहो, कारखान्यात मोठं मशीन आलं होतं ना, त्याचं खोकं फोडलं, त्यातली. दादाची दुसरी पाळी होती म्हणून तुम्ही सायकलला बांधून आमच्याकडे कोपरीला आणलीत. दार मी उघडलं. तुमच्या केसांत भुसा होता. मी पाणी दिलं. तुम्ही प्यालात आणि म्हणालात, फळी उन्हात ठेवू नका. आणि गेलात. मग दादा घरी आल्यावर मी त्याला म्हटलं..."

"थांब थांब. कुठलं मशीन? तो जर्मन लेथ का? बासष्ट-त्रेसष्टचा?"

ती म्हणाली, "असेल. जर्मन असेल." बाळ रडतंय म्हणाली आणि फोन ठेवला.

जर्मन. तेव्हा फक्त तो एकच लेथ आलेला, खोकं एवढं मोठं की गेटचा खांब काढावा लागला. म्हणजे फळी युरोपची. मालनची आठवण जबरदस्त आहे, पण एक घोटाळा होतोय तिचा. आम्ही पहिल्यांदा भेटलो ते बघायच्या कार्यक्रमात. खारट पोहे. पुढच्या वेळी सांगेन तिला.

येताना चालत आलो. कोणाला तरी सांगावंसं वाटत होतं. रंगूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बरा झाला," आणि भांडी घासायला लागल्या.

२८ मार्च

दोन दिवस डोकं चालवतोय की ते खोकं गेलं कुठे. तेव्हा सगळ्यांनी फळ्या वाटून घेतल्या होत्या. मीही घेतल्या. मग आज सकाळी साखरेचा डबा काढायला हात वर केला आणि हात तिथेच राहिला.

मालनची मांडणी. लग्न झाल्यावर मी तिला स्वयंपाकाच्या भिंतीवर केलेली, तीन फळ्यांची. हिरवा ऑइल पेंट, दर दिवाळीला नवा हात, त्यामुळे लाकूड कोणाला दिसणार? खालच्या बाजूने पटाशीने खरवडलं. पिवळट पांढरं. सरळ रेघा. वास नाही.

म्हणजे मी कल्याण, ठाणे पालथं घातलं आणि फळी माझ्या डोक्यावर होती.

मांडणी उतरवली. डबे भिंतीशी वर्तमानपत्रावर मांडले, तिने लावले होते त्याच क्रमाने. रंगूबाई डोकावल्या. "वयनीची मांडनी तोरली?"

"तिच्यासाठीच तोडली," मी म्हटलं. त्या निघून गेल्या. बायकांना मधली पायरी कळत नाही, शेवट बघावा लागतो.

२ एप्रिल, रविवार

फळी आणि जुनी तबली घेऊन बाईंकडे. त्यांनी कागदाची पट्टी घेतली, तबलीच्या रेघांवर ठेवून प्रत्येक रेघेची खूण केली. मग तीच पट्टी मांडणीच्या फळीवर सरकवत नेली. एका जागी थांबल्या. दोन जवळच्या रेघा, एक रुंद, मग दाटीवाटीच्या पुष्कळ, पुन्हा रुंद. सगळ्या खुणांवर खुणा बसल्या.

"एकाच झाडाच्या आहेत," त्या म्हणाल्या. "प्रत्येक रेघ म्हणजे एक वर्ष. हा बारीक रेघांचा पट्टा म्हणजे झाडाचे वाईट दिवस. असा पट्टा दुसऱ्या झाडात रेघेला रेघ जुळणार नाही. जात मी अजूनही शपथेवर सांगणार नाही. खोकं जर्मनीत ठोकलं म्हणून झाड तिथलंच असं नाही. पण याहून जवळचं लाकूड जगात मिळणार नाही तुम्हाला."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चष्मा पुसला. बाईंनी खिडकीबाहेर बघितलं.

मग त्यांनी विचारलं, "तुमच्या पत्नी कधी येतायत?" मी म्हटलं, या महिन्यात नक्की. त्या म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या की नाशिकला." मी म्हटलं, हे अर्धवट टाकून कसा जाऊ?

१६ एप्रिल, रविवार

तबली झाली. या वेळी साधी पट्टी वापरली. जगनच्या मुलीच्या कंपासपेटीतली मागून आणली. आतल्या आडव्या पट्ट्या बसवल्या, सरस वाळवला, तारांखालची घोडी उभी केली. तारा त्याच जुन्या. एक छेडली. खोलीभर आवाज झाला आणि मी एकदम दाराकडे बघितलं, कोणी आलं की काय. मला वाजवता येत नाही, पण पुन्हा पुन्हा तीच एक तार छेडत बसलो.

फोनवर सांगितलं नाही. आल्यावर दाखवणार. मालन म्हणतेय तीस तारखेला येते, जावई गाडी घेऊन येणार आहेत.

भिंतीला चुना मारून घेतला. मांडणीच्या खुंट्यांची भोकं तेवढी बुजवायची राहिली.

३० एप्रिल, रविवार

मालन आली आणि गेली.

जावई खाली गाडीतच थांबले. ती वर आली, वाळली आहे पण तोंडावर तेज आहे. माझ्याकडे बघून म्हणाली, दाढी करत जा. मग स्वयंपाकाच्या भिंतीकडे बघितलं. खाली ओळीने मांडलेले डबे बघितले.

मी मँडोलिन आणून तिच्या हातात ठेवली. सगळं सांगितलं, स्प्रूस, राळेची भोकं, जर्मन लेथ, रेघा कशा जुळल्या. ती ऐकत होती. मग डब्यांच्या शेजारी जमिनीवर बसली, मांडीवर घेतली, खुंट्या पिळून तारा लावायला लागली. मी म्हणणार होतो, अगं राहू दे, ते आपलं काम नाही. पण तिचा हात थांबत नव्हता. कान खाली नेऊन एकेक तार जुळवत होती. आणि मग वाजवायला लागली.

आनंद वाजवायचा त्यातलंच काहीतरी होतं. मधे दोनदा अडखळली, पण पुढे गेली. मी उभाच होतो. रंगूबाई पदराला हात पुसत दारात आल्या आणि म्हणाल्या, "हां, ह्योच. दुपारचा."

वाजवून झालं तेव्हा मी विचारलं, "तुला येतं?"

"दादाने शिकवलेलं. लग्नाच्या आधीच."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्हाला घरात आवाज चालत नाही ना," ती म्हणाली. रागाने नाही. बाहेर ऊन आहे म्हणावं तसं. मग तबलीवर हात ठेवून म्हणाली, "आवाज तोच आहे. अगदी तोच. चांगलं केलंत."

इतक्या वर्षांत माझ्या कुठल्या कामाला ती चांगलं म्हणाली होती, आठवत नाही. मी तिला विचारलंही नसेल.

उरलेल्या साड्या, तिची पोथी, पुरण यंत्र बांधून झालं. मंजुळा जूनपासून कामावर जाणार, बाळाला कोणीतरी हवं. शिवणाचं कामही पुष्कळ येतंय. मँडोलिन तिने जुन्या लुगड्यात गुंडाळून स्वतः घेतली, मला उचलू दिली नाही. चपला घालताना मी विचारलं, "मग कधी येतेस?"

"तुम्ही या. बाळाने तुम्हाला पाहिलं नाही अजून." आणि दोन पायऱ्या उतरून वळून म्हणाली, "डबे वर ठेवा कशावर तरी. मुंग्या लागतील."

३ मे

डब्यात मुंग्या लागल्या. साखर उन्हात ठेवली.

दोन दिवस कोणाकडे गेलो नाही. बाईंना सांगायचं आहे की आवाज तोच निघाला, पण त्या विचारतील, मग पुढे.

एकच विचार चाललाय. फोनवर ती म्हणत होती, दादा घरी आल्यावर मी त्याला म्हटलं, आणि मी तिला थांबवलं. तेव्हा ती काय म्हणाली असेल? काल ती इथे होती तेव्हाच विचारायला हवं होतं. काल नव्हे, परवाच्या रविवारी. वारही चुकायला लागलेत.

आणि पहिल्या भेटीचा घोटाळा तिचा नाही, माझा झालाय. आता सगळं आठवतंय. फळी हातभर रुंद, एक गाठ नाही, कडेला खिळ्याचं भोक काळं पडलेलं. सायकलच्या दांडीला सुतळीने बांधलेली. कोपरीचा तो अरुंद जिना, वळणावर भिंतीला घासू नये म्हणून मी फळी तिरकी धरली होती. दार उघडलं. तांब्या पितळेचा होता, बाहेरून ओला, पाणी गार होतं. फळी कुठे टेकवायची हे मी बघत होतो. तांब्या कोणी धरलाय, तिकडे मी बघितलंच नव्हतं.